म्हाळसेचा टाक

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं ते साल एकोणीसशे पंच्याहत्तर, महिना वैशाख. त्याच लग्नाचं धुणं धुताना माझ्या गळ्यातला टाक घोड नदीत गेला. पाव्हण्यांनी वापरलेल्या गोधड्या होत्या. ओली गोधडी दगडावर आपटायला उचलली, मान खाली झाली आणि गळ्यातून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. हात लावून पाहिला तर दोरा होता, टाक नव्हता. कडी झिजून तुटली होती.

उन्हाळ्याचं पाणी गुडघाभरच होतं, पण खाली सगळा गाळ. दुपारपर्यंत मी दोन्ही हातांनी तो गाळ चाळत राहिले. शेवटी सासू काठावर आली.

"काय हुडकतीस गं एवढा वेळ?"

"आत्या, टाक पडला."

"म्हाळसेचा?"

"दुसरा कुठला हाय माझ्याजवळ?"

"तोंड वर करून बोलती बघ! सवत गळ्यातनं उतरली आन् ही मलाच इचारती, दुसरा कुठला."

मी माझ्या मालकांची, भैरूंची, दुसरी बायको. पहिली म्हाळसा, दौंडची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. पुढच्या वर्षी मी या घरात आले, तेव्हा मांडवातच सासूने तिचा टाक माझ्या गळ्यात घातला. आमच्यात तशी रीत आहे. गेलेल्या सवतीला गळ्यात वागवायचं, सणाला पहिला घास तिचा काढायचा, नवं लुगडं आधी तिला लावायचं आणि मग आपण नेसायचं. म्हणजे दुसरीच्या संसारावर तिची नजर राहत नाही. टाक म्हणजे रुपयाएवढा चांदीचा पातळ पत्रा आणि त्यावर उठवलेली एक बाई. चार वर्षं त्या बाईला छातीशी धरून मी भाकरी थापल्या, पाणी वाहिलं, एका पोरीला पाजलं. पण म्हाळसेला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

सासूने निकाल दिला. भाद्रपदातल्या अविधवा नवमीच्या आत नवा टाक गळ्यात पडला पाहिजे. नवरा असताना गेलेल्या बायकांना त्या दिवशी जेवू घालतात. आणि तो घातला पाहिजे म्हाळसेच्या आईने, गिताबाईने, आपल्या हाताने.

"सोनाराकडं छाप हाय," सासू म्हणाली. "पत्रा ठिवला, ठोकला, झालं."

"समद्यांना त्योच छाप?"

"मग काय तुझ्यासाठी निराळा कोरंल त्यो?"

ते माझ्या डोक्यात बसलं. शिरूरात कितीतरी बायकांच्या गळ्यात सवत होती, आणि सगळ्यांची सवत एकच बाई होती.

मी तेव्हा एका कापडदुकानात झाडलोट करत होते. टेरिलिनचे तयार सदरे खोक्यातून येत, आणि खोक्याला काचेसारखं स्वच्छ प्लास्टिकचं झाकण असे. खोकं फाटलं की शेटजी झाकण मला देत. मी ती भाकरीवर झाकायला घरी आणी. आदल्या वर्षी त्यातलं एक झाकण चुलीच्या वैलाजवळ धगीला राहिलं. बघते तर ते जिवंत असल्यासारखं वळवळायला लागलं, गुंडाळलं आणि मग आपलं आपणच उलगडून सपाट पडलं. हातात घेतलं तर वीतभराचं बोटभर उरलेलं, पण जाड आणि टणक. झाकणावर शेटजींनी सदऱ्याचं माप लिहिलं होतं. ते आकडेही जसेच्या तसे, मुंगीएवढे झाले होते. दूध आटतं तसं ते आटलं होतं. आमच्या घरात त्याला आटवणं असंच नाव पडलं.

बुद्धवाड्यात अंजनाबाई राहत, बालवाडीच्या बाई. मी ते त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी मला रंगीत पेन्सिलींची थोटकं दिली. पण गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरेना. त्यांचे यजमान मच्छिंद्र सुतारकाम करत. त्यांनी काचपेपरचा तुकडा पुढे केला आणि म्हणाले, "घासून बघा, कुशाबाई. गुळगुळीत लाकडावर रंग बसत न्हाई, ह्यावर कसा बसंल?" घासल्यावर प्लास्टिक धुक्यासारखं पांढुरकं झालं आणि पेन्सिल लागली.

मग मला त्याचा नादच लागला. रंग फिका द्यायचा, कारण आटल्यावर तो दाट होतो. गुलाबी दिला तर तांबडा निघतो. भोक आधी पाडायचं, तेही वाटाण्याएवढं, म्हणजे आटल्यावर दोरा जाईल एवढं उरतं. पातेल्यात वाळू तापवायची, वाळूवर ताटली, ताटलीत तुकडा. तो वळवळतो तेव्हा हात लावायचा नाही. घाई केली तर वाकडा राहतो, उशीर केला तर कड करपते. मी राघू केले, मेंढ्या केल्या, कैऱ्या केल्या. आळीतल्या पोरांच्या गळ्यात माझ्या मेंढ्या हिंडायला लागल्या. मालक बाजार समितीत हमाली करत. ते एकदा पाठ शेकता शेकता म्हणाले, "एखादं पोतं आटवता येतं का बघ की. लई बरं पडंल."

टाक गेल्यावर मी अंजनाबाईंना मनातलं सांगितलं. त्या हसल्या. "चार वर्सं गळ्यात बांधून फिरताय, आन् तिचं तोंड ठाऊक न्हाई? आमच्यात असलं काय न्हाई बघा. पन काढायचीच असंल, तर तिची काढा. सोनाराची कशाला?"

सासूला पटणं कठीण होतं. "प्लास्टिकचा टाक? पितर हसतील."

"पन तोंड तिचं असंल, आत्या."

"गिताबाई व्हय म्हणली तर माझं काय न्हाई. पन नवमी चुकवायची न्हाई, सांगून ठिवते."

म्हाळसेचा फोटो नव्हता. लग्नात कुणी काढला नाही आणि नंतर कशाला काढतील? मी मालकांना विचारलं, "कशी हुती ती दिसायला?"

ते खांद्याला तेल चोळत होते. चोळता चोळता थांबले. "गव्हाळ. म्हंजी तुझ्यावाणीच. तुझ्यापरीस जरा..." मग म्हणाले, "डाव्या हातानं भाकरी थापायची."

"तोंड सांगा की."

"त्येच आठवतोय."

ते उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई येत गं ध्यानात."

मी पोरीला कडेवर घेतलं, पिशवीत झाकणं, पेन्सिली, काचपेपर भरला आणि दौंडची एस्टी धरली. न्हावरे गेलं, चौफुला गेला. म्हाळसेचा भाऊ म्हस्कू रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार, होता. त्याच्या क्वार्टरच्या उंबऱ्यात गिताबाई बसली होती आणि राखेतून न जळलेला कोळसा हाताने चाचपून वेगळा काढत होती. तिला काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला, उजव्यात थोडंसं उरलेलं. गेलेली नजर परत यायची नाही आणि आहे तीही टिकेल असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"कोण? म्हाळसा व्हय?" ती म्हणाली. रीतीप्रमाणे मी तिची लेक होते. मला ती याच नावाने हाक मारी.

मी पाया पडून टाकाचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"नदीत गेली व्हय? पवायला गेली असंल. लई नाद हुता तिला पाण्याचा."

चित्राचं सांगितलं तेव्हा मात्र तिने हातातला कोळसा खाली ठेवला. "तिचं तोंड काढशील? माझ्या डोळ्याम्होरनं त्ये चाललंय गं. आवाज येतो. चाल दिसती. तोंड धरून ठिवावं म्हणलं, तर घसरतंय."

मी तिथेच बसून काढायला लागले. कपाळ केवढं विचारलं तर तिने माझ्या कपाळावर दोन बोटं आडवी ठेवली. भुवया जुळलेल्या. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. मी पंजाएवढं चित्र काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उजव्या डोळ्याजवळ नेलं, दाराच्या उजेडात इकडे तिकडे फिरवलं. एका ठरावीक जागी धरल्यावरच तिला दिसे.

"ही सावकाराची बायको हाय कुणीतरी. आमची म्हाळसा एवढी खाल्लेली नव्हती कवा."

"आये, नाक जरा तसंच वाटतंय की," म्हस्कू म्हणाला.

"तू गप. तू तवा गाडीवर असायचास. बहिणीचं नाक बघाय कवा घरी हुतास?"

श्रावणात पुन्हा गेले. तेव्हा गाल खाली घेतले, डोळे मोठे केले. गिताबाईने बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "ही देवी झाली. पाया पडावंसं वाटतंय. लेकीच्या पाया पडू व्हय मी?"

तिसऱ्यांदा गेले ती अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी. सासूने निघताना बजावलं होतं, टाक गळ्यात घालूनच ये. दुकानात नवा माल कागदी खोक्यातून यायला लागला होता, त्यामुळे माझ्याजवळ एकच झाकण उरलं होतं. मी जपून, हलक्या हाताने काढत होते. ओठ काढत असताना क्वार्टरच्या मागून इंजिन गेलं. भिंती हादरल्या, पेन्सिल घसरली आणि खालचा ओठ पुढे आला.

मी ओल्या फडक्याने तो पुसणार, तेवढ्यात गिताबाई म्हणाली, "आधी दाखव."

"चुकलंय, आई."

"दाखव म्हणते ना."

तिने चित्र डोळ्याशी धरलं. डावीकडे नेलं, जरा वर नेलं आणि हात थांबला. माझी पोरगी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आली," ती म्हणाली. "रुसलीया. पाणी आण म्हणलं की असाच व्हट काढायची."

म्हस्कू वाकून पाहायला आला. त्यानेही पाहिलं आणि खुंटीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसत राहिला.

मी शेगडी पेटवली. पातेल्यात वाळू घातली, ती तापू दिली. चित्र कापायला कात्री काढली तेव्हा गिताबाईने विचारलं, "आता काय करतीस?"

"आटवायचं, आई. उद्या नवमी हाय. आजच गळ्यात पडाय पायजे."

"आटल्यावर केवढी व्हईल?"

मी तिच्या तळहातावर बोटाने गोल काढून दाखवला.

"एवढीशी? मग मला कशी दिसंल?"

याचा मी विचार केला नव्हता. टाक एवढाच असतो, हेच माझ्या डोक्यात होतं.

"आन् इस्तवावर ठिवणार तिला?"

"वाळूवर. जाळ लागत न्हाई."

"मगाशी तर म्हणालीस वळवळतं म्हणून."

"व्हय. थोडा येळ."

तिने चित्र पोटाशी धरलं. "ती गेली तवा मी मसणात गेले न्हाई. बायकांनी जायाचं नसतं. माझ्याच घरात, माझ्याच म्होरं आता तिला वळवळताना बघू? न्हाई गं."

"न्हाई आटवलं तर रंग ऱ्हात न्हाई, आई. हात लागंल तसा पुसतो."

"पुसू दे. तू हायेस की परत काढायला."

"आन् मी गळ्यात काय घालू? आत्या मला दारात उभी बी करायच्या न्हाईत."

म्हस्कू हळूच म्हणाला, "आये, तिचा संसार हाय. दे तिला."

वाळू तापल्याचा वास यायला लागला. मग गिताबाईने चित्र पुढे केलं. "घे. तुझं बी बरोबर हाय. मी बाहेर बसते."

ती भिंत धरत धरत उंबऱ्यात जाऊन बसली, पाठ आमच्याकडे करून. मी चित्र कापलं, भोक पाडलं आणि ताटलीवर धरलं. नुसती धग लागली आणि एक कोपरा वर उचलला गेला. ओठाच्या बाजूचा. चित्रातली बाई माझ्याकडे बघत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही माझी सवत आहे, हिचं माझ्याशी काही भांडण असेल तर ते हिच्या आईच्या घरात मिटवायला नको.

मी हात मागे घेतला. शेगडीवरचं पातेलं उतरवलं.

गिताबाईच्या हातात चित्र दिलं तेव्हा तिने आधी ते चाचपलं. मोठंच आहे हे बोटांना कळल्यावर तिने माझा दंड धरला. मग आत जाऊन ट्रंकेतून काळा दोरा काढला आणि चाचपत माझ्या गळ्यात बांधला. "हिला ठिवून घेतली म्हणून तुला मोकळी धाडत न्हाई," म्हणाली.

दिवेलागणीला मी शिरूरला घरी पोचले. सासूने आधी गळ्याकडेच पाहिलं.

"टाक कुठाय?"

"आईकडं."

"म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. तिचा आवाज चढत गेला. "म्हातारीला दिसत न्हाई म्हणून आमच्या घरावर संकट घ्यायचं? उद्या ही पोरगी तापली म्हंजी? मोकळा दोरा घालून आली! लाज न्हाई वाटली?"

मालक जेवत होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आये."

"काय ऱ्हाऊ दे?"

"तिच्या आईकडं हाय ती. म्हायेरी." त्यांनी घास ताटात तसाच ठेवला. "पहिलं बाळंतपण. म्हायेरी धाडा म्हणत हुती. आपूनच धाडली न्हाई. ज्वारीची काढणी हाय म्हणालो."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून म्हाळसेविषयी मी एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. सासू आत गेली. भांडी उगीच हलवल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने म्हाळसेचं ताट वाढलं, टाकाच्या जागी एक सुपारी ठेवली आणि मला हळदकुंकू लावलं. माझ्या गळ्यातल्या दोऱ्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी मी दौंडला जायला लागले. प्रत्येक वेळी चित्र थोडं पुसलेलं असे. गिताबाई रोज सकाळी ते डोळ्याशी धरी आणि बघून झालं की बोटाने हनुवटी कुरवाळी, त्यामुळे गोंदणाचे ठिपके सगळ्यात आधी जात. मग गाल, मग कपाळाची कड. मी पुसलेलं पुन्हा भरून काढी. एकदा एक झाकण मिळालं तेव्हा चित्रावर ठेवून हुबेहूब गिरवलं आणि आटवून पाहिलं. पण आटल्यावर ओठांच्या दोन रेघा एकमेकींत मिसळल्या आणि रुसवा गेला. कुणीतरी समजूतदार बाई तयार झाली. मी ती गळ्यात बांधली, पण गिताबाईला दाखवली नाही.

अंजनाबाईंनी तोपर्यंत मला अक्षरं शिकवली होती. चित्राखाली मी "म्हाळसा" असं लिहिलं. तेही पुसलं जाई आणि दरवेळी मी ते जरा बऱ्या अक्षरात लिही.

भरून भरून रेघा जाड होत गेल्या. डोळ्यांखाली सावली आली, गाल बसले. मला काळजी वाटे की आता चेहरा हातचा गेला. एकदा गिताबाई बघता बघता म्हणाली, "वय झालं गं तिचं बी. दोन लेकरांची आई दिसती आता." आणि ती खूश होती.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर गेले तेव्हा तिचा उजवा डोळाही गेलेला होता. चित्र उशाशीच होतं. त्यावर भुवयांचा काळा डाग तेवढा उरला होता, बाकी सगळं पांढुरकं प्लास्टिक. मला वाटलं, आता काढून काय उपयोग? मी पिशवी उघडलीच नाही.

"पेन्सिली आणल्या न्हाईस व्हय?" तिने विचारलं.

"आणल्यात, आई."

"मग काढ की. बसलीस का?"

मी काढलं. संध्याकाळची एस्टी चुकेल म्हणून घाई न करता, पहिल्यापासून सगळं काढलं. ती शेजारी बसून पेन्सिलीचा आवाज ऐकत होती. झाल्यावर तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्याशी नेलं नाही, मांडीवर धरलं.

"रुसलीया का?"

"व्हय, आई. रुसलीया."

"मग बरं हाय," ती म्हणाली.

तिला शेवटची अंघोळ मी घातली. लेक म्हणून तो मान माझा होता. पाणी ओतताना पाहिलं, तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पेन्सिलीचा तांबूस रंग लागलेला होता. म्हस्कूची बायको साबण घेऊन पुढे आली. मी तिला ती बोटं धुऊ दिली नाहीत.

म्हाळसेची आई गिताबाई दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या माघ महिन्यात, एका गुरुवारी सकाळी वारली. वय पासष्टच्या आसपास असेल. तिच्या जन्माची नोंद कुठे नव्हती.